गोव्याच्या दमट हवेत कोणता गी घ्यावा: ३५० जीएसएमच्या हलक्या पर्ल वीव्ह गीचं परीक्षण

गोव्यात ब्राझिलियन जिऊ-जित्सू या कुस्तीसारख्या खेळासाठी गी, म्हणजे सरावाचा जॅकेट-पँटचा पोशाख, घ्यायचा असेल, तर तो किती लवकर वाळतो हे आधी बघावं. भरतकाम, कॉलरच्या आतलं छापील अस्तर, कंपनीचं नाव हे सगळं त्यानंतर. इथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या चार महिन्यांत सोमवारी रात्री घामाने भिजलेला गी बुधवारच्या वर्गाला कोरडा असेल की नाही, यावर तुमचा सराव चालतो की बंद पडतो हे ठरतं. म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो: ३५० जीएसएमचा पर्ल वीव्ह जॅकेट, रिपस्टॉप कापडाची पातळ पँट, आणि असे दोन जोड. बारा हजारांचा एक आयात केलेला गी घेण्यापेक्षा साडेतीन-चार हजारांचे दोन देशी गी घेतलेले गोव्यात केव्हाही बरे.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. बाजारात हलके गी ३५०च्या आसपास सुरू होतात, मधले ४५०चे आणि जाड ५५०चे असतात. जुदोच्या स्पर्धेचे डबल वीव्ह जॅकेट याहूनही बरेच जड. आकडा फक्त जॅकेटचा असतो, पँटचं कापड वेगळं मोजतात. विक्रेता नुसतं ‘लाइटवेट’ म्हणत असेल आणि आकडा देत नसेल, तर विचारून घ्यावा. आकडा सांगता येत नाही त्याच्याकडून गी घेऊ नये.

पर्ल वीव्हचं कापड बाहेरून खडबडीत, दाणेदार असतं आणि आतून बऱ्यापैकी सपाट. दाण्यांच्या मधल्या खोलगट जागेतून हवा खेळते, म्हणून तेवढ्याच वजनाच्या घट्ट विणीपेक्षा तो अंगावरही कमी उकडतो आणि दोरीवरही लवकर सुकतो. चांगल्या जॅकेटची पाठ एकाच अखंड तुकड्यातून कापलेली असते, मधे उभी शिवण नसते. शिवण नाही तिथे उसवण्याचा प्रश्न नाही. शिवाय पाठीवर पडून गार्ड खेळताना, म्हणजे पायांनी समोरच्याला अडवून धरताना, मणक्याखाली काही टोचत नाही.

वाळवण्याबद्दल नीट लिहायला हवं, कारण गीच्या अर्ध्या तक्रारी तिथूनच येतात. गीमध्ये सगळ्यात शेवटी वाळते ती कॉलर. कॉलरच्या आत रबर किंवा ईव्हीए फोमची पट्टी असते आणि तिच्यावर कापडाचे दोन-तीन थर शिवलेले असतात. फोम पाणी फारसं शोषत नाही, पण त्याच्याभोवतीचं कापड धरून ठेवतं आणि तिथे वारा पोचत नाही. बाकी जॅकेट हाताला कोरडं लागतं, माणूस घडी घालून बॅगेत टाकतो, आणि दोन दिवसांनी मानेपाशी कुबट वास येतो. वाळलाय की नाही हे बघायचं असेल, तर कॉलरचं खालचं टोक, जिथे पाणी ओघळून साठतं तिथे, दोन बोटांत घट्ट दाबून गालाला लावावं. गार लागलं तर आत ओल आहे. काखेतल्या तिहेरी जोडाला आणि पँटच्या गुडघ्याच्या दुहेरी कापडालाही हीच परीक्षा.

वर्ग सुटल्यावर गी बंद बॅगेत ठेवून म्हापशाहून डिचोलीपर्यंत नेणं, वाटेत बाजार करणं आणि रात्री अकराला बॅग उघडणं, यात नुकसान धुण्याआधीच झालेलं असतं. घरी पोचताच गी उलटा करून गार पाण्यात टाकावा. दहा लिटरच्या बादलीला साधारण १०० मिलिलिटर पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवला की वास बराच जातो. स्वयंपाकघरातलं माडाच्या सुरेचं व्हिनेगर यासाठी वापरू नका, त्याला स्वतःचा वास आणि रंग असतो. नंतर साध्या पाण्यात एकदा काढून मशीनमध्ये, पाणी गार किंवा फार तर ३० अंश, डिटर्जंट नेहमीच्या निम्मा. जास्त साबण जाड कापडातून निघत नाही, चिकट थर राहतो आणि त्यावरच जंतू वाढतात. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. त्याचा लेप धाग्यावर बसला की कापड घाम शोषेनासं होतं आणि वास धरून ठेवतं.

सगळा खेळ खरं म्हणजे पिळण्यात आहे. हाताने पिळलेला गी पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही, वर पिळताना कॉलर मुरगळून आतला फोम वाकतो तो वेगळाच. मशीनच्या सर्वांत जोराच्या स्पिनवर एकदा, मग कपडे हलवून पुन्हा एकदा, असं दोनदा फिरवावं. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या ड्रायरमध्ये जॅकेट आणि पँट वेगवेगळे टाकावेत. एकत्र टाकले की वजन एका बाजूला जातं आणि मशीन थडथडायला लागतं. पूर्ण ऑटोमॅटिक साडेसहा किलोच्या मशीनमध्ये एका वेळी एकच गी आणि सोबत एखादा टॉवेल, तोल सांभाळायला.

वाळत घालताना खांद्यावर हँगर लावू नका. ओल्या जॅकेटच्या वजनाने खांदा ताणला जातो आणि दोन्ही पदर एकमेकांवर चिकटून राहतात. सोप्यावर किंवा खोलीत आडवा पीव्हीसी पाइप टांगून तो एका बाहीतून घालून दुसऱ्या बाहीतून बाहेर काढला, की बाह्या, काख आणि पाठ तिन्ही उघड्या राहतात. कॉलर उघडी, पदर पसरलेले. खाली किंवा बाजूला टेबल फॅन, छताच्या पंख्यापेक्षा त्याचा वारा थेट लागतो. चार-पाच तासांनी जॅकेट उलटं करायचं. या पद्धतीत ३५० जीएसएमचं जॅकेट जुलैच्या मध्यातसुद्धा रात्रीतून जवळजवळ वाळतं आणि सकाळी उरलेली कॉलर दुपारपर्यंत सुकते. ५५०च्या जॅकेटला तेवढ्याच पंख्याखाली दुसरी रात्र लागते. हा फरक दुकानात हाताला कापड लावून कळत नाही, पण रोजच्या वापरात याहून मोठा फरक दुसरा नाही.

दिवाळीनंतरच्या उन्हात अर्थात कुठलाही गी दुपारी वाळतो. तेव्हाही रंगीत गी सावलीत घालावा. निळा तर फार लवकर विटतो.

आता रंग. आयबीजेजेएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिऊ-जित्सू महासंघाच्या, स्पर्धांत पांढरा, रॉयल निळा आणि काळा हे तीनच चालतात, जॅकेट एक आणि पँट दुसऱ्या रंगाची असंही चालत नाही. गोव्यात पांढऱ्याबद्दल एक गोष्ट आधी पाहून घ्यावी: घरी नळाचं पाणी आहे की विहिरीचं किंवा बोअरचं. जांभ्या दगडाच्या मुलखातल्या बऱ्याच विहिरींच्या पाण्यात लोह असतं. ते पांढऱ्या गीवर हळूहळू पिवळसर-तांबूस छटा चढवतं, आधी कॉलरच्या घडीत आणि काखेत. लोक मग घाबरून ब्लीच टाकतात, आणि डाग आणखी गडद होतो, कारण क्लोरीन ब्लीच लोहाचं ऑक्सिडीकरण करून तो पक्का बसवतं. अशा डागाला लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, लागतं: अर्ध्या बादली कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, अर्धा तास, मग तीन पाण्यांत खळखळून धुणं. ब्लीच आणि आम्ल, व्हिनेगर असो वा लिंबूसत्त्व, कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

काळे ठिपके मात्र बुरशीचे. ते ताजे असतील तर सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजन ब्लीच, साधारण ४० अंशांच्या पाण्यात विरघळवून दोन-तीन तास भिजवल्यावर बरेच फिके होतात. जुने ठिपके धाग्यात मुरलेले असतात, ते पूर्ण जात नाहीत. क्लोरीन ब्लीचने दिसायला जातील, पण सुती धागा कमजोर होतो आणि पुढच्या महिन्यात तोच गी काखेत फाटतो. काळ्या गीवर बुरशी दिसत नाही, हा फायदा समजू नये. दिसत नाही म्हणून तो उशिरा धुतला जातो. त्यावर घामाच्या मिठाच्या पांढऱ्या रेघा येतात, त्या मात्र साध्या पाण्याने निघतात.

माप. ए१, ए२, ए३ या अक्षरांवर विसंबून राहू नका. एका कंपनीचा ए२ दुसरीच्या ए१ एवढा निघतो. विक्रेत्याकडून सेंटिमीटरमध्ये दोन मापं मागावीत: हात पसरल्यावर एका बाहीच्या टोकापासून दुसऱ्या बाहीच्या टोकापर्यंतची लांबी, आणि पँटची कमरेपासून खालपर्यंतची लांबी. ‘प्री-श्रंक’ लिहिलेला गीसुद्धा पहिल्या दोन-तीन धुण्यांत २ ते ४ टक्के आटतो. बाह्यांची एकूण लांबी १६० सेंटिमीटर असेल आणि ३ टक्के आटली, तर जवळजवळ ५ सेंटिमीटर जातात, म्हणजे प्रत्येक मनगटामागे अडीच. पँट १०० असेल तर ३ सेंटिमीटर. आयबीजेजेएफचा नियम असा की हात समोर सरळ धरल्यावर बाहीचं टोक मनगटाच्या हाडापासून ५ सेंटिमीटरहून वर नसावं, आणि पँट घोट्याच्या हाडापासून ५ सेंटिमीटरहून वर नसावी. म्हणून नवा गी घालून बघताना बाही मनगटाच्या हाडावर बरोबर यायला हवी. आधीच दोन-तीन सेंटिमीटर वर असेल तर आटल्यावर तो स्पर्धेत कदाचित चालणार नाही.

घालून बघणं म्हणजे आरशासमोर उभं राहणं नव्हे. उकिडवं बसा, पँट जांघेत ओढली जाते का बघा. पाठीवर पडून गुडघे छातीशी आणा, पँट पोटरीच्या मध्यावर गेली तर लहान आहे. पट्टा बांधल्यावर जॅकेटचे पदर एकमेकांवर नीट चढून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत पोचायला हवेत. पदर कमी पडला की रोल करताना, म्हणजे जोडीदाराशी सरावाची झुंज खेळताना, गी सतत उघडा होतो. पोटाने भरलेल्या पण पायाने आखूड माणसाला इथे नेहमी अडचण येते: ए२ कमरेला बसतो, पँट पायात लोळते. काही कंपन्या यासाठी ‘एच’ लावलेले रुंद आणि ‘एल’ लावलेले लांब साइझ काढतात. ते नसेल तर कंबर आणि खांदे बघून जॅकेट घ्या आणि पँट शिंप्याकडून कापून घ्या. म्हापशाच्या बाजारात जीन्सची कामं करणारा शिंपी हे काम करतो, फक्त १६ किंवा १८ नंबरची सुई आणि पॉलिएस्टर धागा वापरायला सांगा, सुती धागा घामाने लवकर कुजतो. आणि आधी तीनदा धुवून आटू द्या, मगच कापा. बाह्यांना हात लावू नका, त्यांच्या कडेला आतून पट्टी शिवलेली असते आणि ती उसवली की पकडीचा सगळा ताण नुसत्या कापडावर येतो.

हलक्या गीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ३५०चं कापड मऊ असतं आणि कॉलर बारीक. समोरच्याला ती मुठीत धरायला सोपी जाते. क्रॉस कॉलर चोक किंवा लूप चोक, म्हणजे कॉलरने गळा आवळायचे डाव, लावणाऱ्याला अशी कॉलर आवडते, कारण ती दुमडून गळ्याशी घट्ट बसते. जाड, ताठ कॉलर मुठीत मावत नाही आणि चार मिनिटांत बोटं थकवते. स्पायडर गार्ड आणि लासो, म्हणजे समोरच्याच्या बाह्या धरून खेळायचे गार्ड, खेळणाऱ्यांच्या हातात बाह्यांचं कापड आधी ताणतं. फाटण्याच्या जागा ठरलेल्या: काख, जॅकेटच्या दोन्ही बाजूंच्या चिरांचं टोक, पँटची जांघ आणि गुडघा. त्यांत गुडघा सगळ्यांत आधी, कारण गुडघ्यावर घसरत गार्ड पास करताना, म्हणजे समोरच्याचे पाय ओलांडताना, तो मॅटवर घासला जातो. दुहेरी कापड गुडघ्याच्या खाली नडगीपर्यंत गेलेलं असेल तरच पँट टिकते. रिपस्टॉपची पँट पातळ असली तरी तिच्या चौकडीतले जाड धागे चीर पुढे वाढू देत नाहीत, आणि ती ड्रिलच्या, म्हणजे जाड सुती कापडाच्या, पँटपेक्षा निम्म्या वेळात वाळते. नाडी गोल दोरीची असावी, पट्टीसारखी चपटी नाडी ओली झाली की गाठ सुटते.

ज्यांना मुंबई, पुणे, बंगळुरूला स्पर्धेला जायचंय त्यांनी तिसरा, ४५०चा गी फक्त त्यासाठी ठेवावा आणि महिनाभर आधी त्यात सराव करावा. नवा ताठ गी थेट स्पर्धेत घालणं चुकीचं, त्यातल्या हालचाली वेगळ्या वाटतात.

गी हातात आल्यावर धुण्याआधी उजेडात उलटा करून बघा. धुतलेला माल कुणी परत घेत नाही. काखेतला तुकडा चारी बाजूंनी दुहेरी शिवणीने धरलेला असावा. चिरांच्या टोकाला आडवी घट्ट शिवण असावी. कॉलरवर समांतर शिवणीच्या चार-पाच ओळी सरळ गेलेल्या असाव्यात. एखादी ओळ कडेवरून घसरली असेल तर तिथून कॉलर सोलली जाणार. पट्टा बहुतेक वेळा वेगळा विकत घ्यावा लागतो: रुंदी ४ ते ५ सेंटिमीटर, बांधल्यावर दोन्ही टोकं २० ते ३० सेंटिमीटर लोंबायला हवीत.

पहिले दोन-तीन महिने शिकायचंय की नाही हेच ठरलेलं नसेल, तर जुदोचा साधा सिंगल वीव्ह जॅकेट चालतो आणि निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. त्याच्या बाह्या रुंद असतात, म्हणून समोरच्याला पकड सोपी, आणि खालचा घेर लांब असल्यामुळे तो पट्ट्यातून बाहेर येत राहतो. शिकायला त्याने काही बिघडत नाही. कराटेचा पातळ गी मात्र आणू नका, पहिल्याच ओढीत खांद्यातून जातो.

एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) बघून या खेळाकडे आलेल्यांचा प्रश्न असतो, गी हवाच कशाला? प्रश्न रास्त आहे. १९९३ च्या पहिल्या यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सगळ्यांत नावाजलेल्या स्पर्धेत, जिऊ-जित्सूच्या रॉयस ग्रेसीने गी घालून स्पर्धा जिंकली, पण आजच्या एमएमएच्या नियमांत गीला जागा नाही. रविवारी सकाळी चहा घेत ज्या लढती आपण बघतो, त्यांत दिसणारे रिअर नेकेड चोक, गिलोटिन हे गळा आवळायचे डाव, पाठ पकडणं हे सगळं नो-गीमध्ये, म्हणजे गीशिवायच्या सरावात, जसंच्या तसं शिकता येतं. यूएफसीत लढलेल्या अंशुल जुबली, पूजा तोमर यांच्यामुळे भारतातली पोरं-पोरी या खेळाकडे वळताहेत, त्यांना थेट नो-गीने सुरुवात करायची असेल तर खुशाल करावी. रॅशगार्ड, म्हणजे नो-गीत घालायचा ताणणारा टी-शर्ट, साधारण ८० टक्के पॉलिएस्टर आणि २० टक्के स्पँडेक्सचा, अंगाला घट्ट. चड्डी खिसे, चेन आणि धातूच्या कड्यांशिवाय, कारण त्यांत बोटं अडकून मोडतात. हे कपडे पंख्याखाली तीन तासांत वाळतात. तुमच्या हॉलमध्ये दोन्ही वर्ग असतील तर जून ते सप्टेंबर नो-गी जास्त आणि नंतर गी जास्त, अशी वाटणी गोव्याच्या हवेला जुळते. गीचा फायदा असा की कापडाच्या घर्षणामुळे निसटता येत नाही, ताकदीने सुटायची सवय मोडते आणि सुटकेचे धडे पायरीपायरीने पक्के होतात. आमच्या मते नवशिक्याला पहिलं वर्ष त्याची गरज आहे.

एका वर्गाला एक धुतलेला गी, याला अपवाद नाही. ओला किंवा न धुतलेला गी घालून येणारा माणूस नायटा सगळ्या हॉलला वाटतो. दमट हवेत तो भराभर पसरतो. गोल, कडेला लालसर आणि खाजणारा चट्टा दिसला की मॅटवर उतरणं बंद करायचं आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं. औषधाच्या दुकानातून मिळणारं स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावू नका. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आत वाढत राहते आणि नंतर नेहमीच्या औषधालाही दाद देत नाही. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस औषध लावायचं. पट्टा धुतला की विद्या जाते असं काही जण मानतात. पट्टाही घामाने तेवढाच भिजतो, तोही दर आठवड्याला मशीनमध्ये जायलाच हवा, रंगीत असेल तर पहिल्यांदा वेगळा.

चवथीला हॉल आठ-दहा दिवस बंद असतो आणि गी नेमका त्याच काळात कपाटात कुजतो. शेवटच्या वर्गानंतर धुऊन, कॉलर गालाला कोरडी लागेपर्यंत पंख्याखाली ठेवून, घडी न घालता खुंटीवर मोकळा टांगावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नये. कपाटातच ठेवायचा असेल तर दार किलकिलं ठेवून. परत आल्यावर वास आला नाही तरी घालण्याआधी एकदा उन्हात टाका.